जिथे सहलीची बस जात नाही



या सदरात आपण आजवर एस.टी.च्या वाटेनेच फिरलो. जुन्नर, कार्ला, पितळखोरे. घरून भाकरी बांधून घ्यायची, सकाळची पहिली गाडी धरायची आणि शेवटच्या गाडीने घरी यायचे, हा आपला शिरस्ता. आज जरा लांबची गोष्ट सांगायची आहे. सांगावी की नाही असे करता करता वर्षाच्या वर काळ गेला. गोष्ट तुर्कस्तानची आहे; पण तीही बसचीच आहे.

आमची मुलगी जर्मनीत नर्स आहे. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले. परत येताना विमान इस्तंबूलला बदलायचे होते. तर ती म्हणाली, "मधे दहा दिवस तिथंच थांबू. माझी रजा शिल्लक आहे, मी येते बरोबर." शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो तो, चालू असला की भारतीय माणसाला तुर्कस्तानचा व्हिसा इंटरनेटवरून मिळतो. तसला कुठलाच व्हिसा नसेल तर कागदपत्रे घेऊन रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणजे आमची अर्धी वाट लेकीने आधीच मोकळी करून ठेवली होती, हे कबूल करून टाकतो. पैसेही बरेचसे तिचेच.

आणखी एक. आम्ही गेलो ते २०२४ साली. पुढे मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्याकडच्या अनेक सहल कंपन्यांनी तिकडच्या सहली घेणे थांबविले. त्यावरून नात्यात आम्हाला बोलणीही बसली. सरकारांचे सरकारे बघून घेतील. आम्ही ज्या माणसांच्या शेजारी बसून प्रवास केला त्यांच्याबद्दल लिहितो आहोत. आता जायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पहिल्या दिवशी आम्ही इस्तंबूलात एका सहल कंपनीच्या बसमध्ये बसलो. नवखे शहर, भाषा येत नाही, म्हटले एक दिवस जाऊ द्या पैसे. बसमध्ये आपल्याकडची चार-पाच कुटुंबे होती. मराठी कानावर पडले तेव्हा बरे वाटले. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून चौकशी केली. कुठून आलात, मुलगी काय करते, लग्न झाले का. मग आडनाव विचारले. आम्ही सांगितले. बाई "अच्छा, अच्छा" म्हणाल्या, आणि त्यानंतर दिवसभर त्यांना मागे वळायचे काही कारण पडले नाही. वाचकांना हे 'अच्छा' चांगले ठाऊक आहे. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

त्या दिवशी आया सोफिया पाहिली. इ.स. ५३७ साली बांधून झालेली वास्तू, घुमट असा की मान वर करून करून दुखून येते. परदेशी पर्यटकाला वरच्या गॅलरीचे तिकीट तेव्हा २५ युरो होते. तिथे अर्धा तास मिळाला. त्यानंतर गालिच्यांच्या दुकानात पावणेदोन तास. दुकानातल्या माणसाने सगळ्यांना चहा दिला, एकेक गालिचा उलगडून जमिनीवर टाकला, किमती सांगितल्या. आमच्यापाशी आला, आमच्या चपलांकडे एकदा पाहिले आणि पुढे गेला. चहा चांगला होता.

रात्री खोलीवर बैठक बसली. पुढचे सहलीचे दिवस रद्द करायचे, असे लेकीचे म्हणणे. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, "इथं हरवलो तर विचारायचं कुणाला? ह्यांना तर दादरला दोन जिने चुकतात." लेक म्हणाली, "आई, इथं बसस्टँड आहे ना? बसवर गावाचं नाव लिहिलेलं असतं ना? मग झालं तर." आमच्यापैकी एकाची बत्तीस वर्षे रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करण्यात गेली आहेत. डब्यात बसायची भीती काय बाळगायची, असे म्हणून त्याने लेकीच्या बाजूने मत टाकले. दोनास एक, ठराव पास.

तुर्कस्तानची नेहमीची वाट ठरलेली आहे. इस्तंबूल, कप्पाडोकियाचे फुगे, पामुक्कलेचे पांढरे डोंगर, एफेससचे अवशेष आणि मग समुद्रकिनारा. या जागा काही वाईट नाहीत. पण एफेससचे तिकीटच त्या वर्षी ४० युरो होते, म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या वर, माणशी. तिघांचे मिळून आमच्या चाळीतल्या एका घराचा महिन्याचा किराणा झाला. त्यामुळे आम्ही जी ठिकाणे निवडली ती थोडी खिशाकडे पाहून आणि थोडी नकाशाकडे पाहून. एका ठिकाणी बिऱ्हाड ठेवायचे, सकाळी निघायचे, रात्री परत. आपल्या पद्धतीने.

इस्तंबूलहून जलद रेल्वेने साडेचार तासांत अंकाराला आलो. ही देशाची राजधानी, पण सहलवाल्यांना तिचे फारसे अगत्य नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी पंधराव्या शतकातला एक जुना बाजार आहे. घुमटांचा, दगडी. त्यातच आता अनातोलियाच्या संस्कृतींचे संग्रहालय आहे. तिथे मातीची एक वीतभर मूर्ती पाहिली. एक लठ्ठ, थकलेली बाई बसली आहे आणि दोन्ही हातांखाली दोन बिबटे. वय सुमारे आठ हजार वर्षे. डोके नंतर जोडलेले आहे. ती जिथे सापडली त्या गावी पुढे आम्ही गेलोच, पण आधी हत्तुशाची फजिती सांगतो.

हत्तुशा म्हणजे हित्ती लोकांची राजधानी. अंकाराच्या पूर्वेला, बोआझकाले गावाच्या डोक्यावर. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत 'बोगाझकोई' असे नाव येते ते हेच गाव. अंकाराच्या मोठ्या बसस्थानकावरून सुंगुर्लूची गाडी मिळते, अडीच-तीन तास. तिथल्या लांबच्या बसमध्ये एक पोरगा प्रवाशांच्या सेवेला असतो. तो चहा देतो, पाणी देतो, आणि मधेच बाटली घेऊन येतो व सर्वांच्या तळहातांवर लिंबाच्या वासाचे अत्तरपाणी ओततो. त्याला कोलोन्या म्हणतात. आम्हाला आधी वाटले, हे प्यायचे आहे. शेजारच्या आजीबाईंनी हात चोळून, चेहऱ्यावरून फिरवून दाखविले.

सुंगुर्लूला बसने आम्हाला हमरस्त्यावरच सोडले. गावात चालत गेलो. पुढचे तीसएक किलोमीटर दोलमुशने जायचे. दोलमुश म्हणजे काय, तर आपली वडाप! विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांची काळीपिवळी. शब्दाचा अर्थच 'भरलेली'. भरल्याशिवाय हलत नाही. मागे बसलेला माणूस पैसे पुढच्याच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, असे हातोहात पैसे ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे तसेच हातोहात परत येतात. एक लिरा कमी आला नाही. उतरायचे असले की 'इनेजेक वार' म्हणायचे, म्हणजे 'उतरणारा आहे'. हे तीन दिवसांत आमच्या तोंडात इतके बसले, की मुंबईला परतल्यावर रिक्षातही निघाले.

तर दिवस होता रविवार, आणि दोलमुश भरायला दीड तास लागला. त्या दीड तासात चहा झाला, ओळख झाली. कुठले? 'हिंदिस्तान.' एक म्हातारेबुवा एकदम सरसावून बसले आणि म्हणाले, "अवारे! राज कपूर!" राज कपूरचा 'आवारा' १९५१ चा. तुर्कस्तानात तो 'अवारे' नावाने एवढा गाजला, की म्हाताऱ्या पिढीला अजून तोंडपाठ आहे. मग आम्ही शब्दांचा खेळ खेळलो. चाय त्यांचाही चायच. साबण तो साबुन, दुकान ते द्युक्यान, हवा ती हवा, मैदान ते मेयदान, साखर ती शेकेर. आणि खानावळीत बिल मागायचे तर म्हणायचे 'हेसाप', म्हणजे आपला हिशेब. यातला बराचसा फारसी-अरबीने दोन्ही भाषांना उधार दिलेला माल आहे.

गाव विचारले, मुले किती ते विचारले, जर्मनीत लेकीला पगार किती तेही विचारले. आडनाव कुणी विचारले नाही. हे आमच्या उशिरा लक्षात आले, लेकीने दाखवून दिल्यावर. त्या देशात १९३४ पर्यंत बहुतेक लोकांना आडनावच नव्हते. त्या वर्षी कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाला आडनाव घ्यावे लागले; त्यात टोळीचे नाव, हुद्द्याचे नाव घ्यायला मनाई. मुस्तफा केमालला 'अतातुर्क' हे आडनाव मिळाले तेही त्याच वर्षी. याला दुसरी बाजू आहे. कुर्दांसारख्या लोकांची स्वतःची नावे त्यात पुसली गेली, आणि तो घाव लहान नाही. पण आडनाव ऐकून 'अच्छा' म्हणणारे त्या दोलमुशमध्ये कुणी नव्हते, एवढे मात्र आम्हाला बसल्या जागी जाणवले.

हत्तुशा पाहायला पाय मजबूत हवेत. डोंगरउतारावर सहा-सात किलोमीटरचा तट, त्यात सिंहांचा दरवाजा, राजाचा दरवाजा, आणि एका ठिकाणी तटाच्या पोटातून सत्तर मीटर लांबीचा दगडी बोगदा. अंधारात हात धरून गेलो. जर्मन पुरातत्त्ववाल्यांनी २००३ ते २००५ या काळात तटाचा ६५ मीटरचा तुकडा जुन्या पद्धतीने, कच्च्या मातीच्या विटांनी परत बांधून दाखविला आहे. बाकी सगळे उघडे दगड. हा एक तुकडा पाहिला तेव्हा डोळ्यांपुढे आले, की किती हातांनी किती माती तुडविली असेल.

इथेच १९०६ पासूनच्या खोदकामात मातीच्या पाट्या हजारोंनी सापडल्या. त्यातल्या एका पाटीवर इजिप्त आणि हित्ती यांच्यातला तह आहे, इ.स.पू. १२५९ च्या सुमाराचा. त्याची प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत लावली आहे. मूळ तह चांदीच्या पत्र्यावर होता, आणि त्यावर राजाबरोबर राणी पुदुहेपाचीही मोहर होती. माता-भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे. आम्हाला मात्र जास्त आवडला तो किक्कुली. हा राजा नाही, सरदार नाही. घोडे शिकविणारा माणूस, मितान्नी देशचा. सुमारे ३४०० वर्षांपूर्वी त्याने घोड्याला कसे फिरवायचे, किती चारा, किती पाणी, कधी धुवायचे हे दिवसवार सांगून ठेवले आणि ते पाट्यांवर उतरले. त्यात फेऱ्या मोजायला त्याने जे आकडे वापरले ते असे: ऐका, तेरा, पान्झा, सत्ता, ना. एक, तीन, पाच, सात, नऊ! लेक फोनवरून वाचून दाखवीत होती आणि आम्ही दोघे त्या ओसाड डोंगरावर उजळणी म्हणत होतो. राजांची नावे आम्हाला दुसऱ्या दिवशी आठवेनात. किक्कुली आठवत होता.

तिथून दोनेक किलोमीटरवर याझिलिकाया. कातळाच्या दोन घळी आणि भिंतींवर कोरलेली देवांची रांग. आपल्याकडे कातळ कोरून आत घर केले, त्यांनी कातळाच्या उघड्या घळीलाच देऊळ मानले. सावली पडायला लागली होती म्हणून फार थांबलो नाही.

आणि मग फजिती. उतरतानाच परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी, हे आम्ही या सदरात किती वेळा लिहिले असेल! आणि आम्हीच विसरलो. रविवारी दुपारनंतर बोआझकालेहून सुंगुर्लूला एकही दोलमुश नव्हती. टॅक्सीवाला कुठे दिसेना. गावातल्या चौकात तिघे बाकावर बसून राहिलो. आमच्यापैकी एकीने काहीच बोलले नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. शेवटी एक शिक्षक नवरा-बायको आपल्या गाडीने सुंगुर्लूकडे निघाले होते, त्यांनी आम्हाला मागच्या सीटवर कोंबले. त्यांची लहान मुलगी आमच्या मांडीवर. उतरल्यावर पैसे काढले तर बाईंनी आमची मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली. अंकाराला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. वाचकांपैकी कुणी गेलेच तर रविवार टाळावा, आणि सोमवारही जपून. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात.

खाण्याचे सांगायचे राहिले. कामगार, दुकानदार जेवतात त्या साध्या खानावळीत जावे. तिला लोकांता म्हणतात. काचेआड पातेली मांडलेली असतात. भाषा लागत नाही, बोट दाखवायचे. मसुरीच्या डाळीचा शोरबा, वर लिंबू. पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात. पावाची टोपली मधोमध, तिचे पैसे नाहीत. ताक तर जिकडेतिकडे. मिरची मात्र मागून घ्यावी. बसस्थानकावरच्या संडासाला पैसे पडतात, तेव्हा सुटी नाणी जवळ ठेवावीत.

दोन दिवसांनी अंकाराहून रेल्वेने कोन्याला गेलो, पावणेदोन तास. कोन्याला लोक जातात ते मौलाना रूमीच्या कबरीसाठी. आम्हीही डोके टेकले नाही, पण पाहून आलो. आमचा ओढा चातालहोयुककडे होता. कोन्याहून चुमरा गावापर्यंत दोलमुश, पुढे दहा-बारा किलोमीटर टॅक्सी ठरवून. परतीचे आधी ठरविले, हे सांगायला नको.

दिसायला एक मातीची टेकडी. सपाट माळावर, गव्हाच्या शेतांमध्ये. पण ती टेकडी म्हणजे घरावर घर, घरावर घर असे हजार-बाराशे वर्षांचे थर आहेत. इ.स.पू. ७१०० च्या सुमारास वस्ती सुरू झाली. घरे एकमेकांना खेटून, मधे रस्ताच नाही. घरात शिरायचे तर छपरावरून जायचे आणि शिडीने आत उतरायचे. दाराशी एक नमुन्याचे घर बांधून ठेवले आहे, त्यात आत जाता येते. शिडीखाली चूल, धूर त्याच भोकातून वर. बाजूला झोपायचे ओटे, आणि त्या ओट्यांखाली घरातल्या मेलेल्यांना पुरलेले. भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या, वर्षानुवर्षे, थरावर थर. आमच्यापैकी एकीने भिंतीवरून हात फिरविला आणि म्हणाली, "आमची आजी दसऱ्याआधी अशीच पोतारायची."

पण खरी गोष्ट पुढे आहे. इतकी वर्षे खोदले, आधी १९६० च्या दशकात आणि मग १९९३ पासून पंचवीस वर्षे. राजवाडा सापडला नाही. मोठे देऊळ सापडले नाही. लहान-मोठे असेल, पण घरे साधारण सारखी. गावाची ही बाजू, गावाची ती बाजू, असे काही निघाले नाही. हाडांच्या तपासणीत दिसले, की बाई आणि बाप्या दोघांचे खाणे जवळपास एकच होते. वयस्क माणसांच्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला चुलीच्या धुराची काजळी सापडली, तीही दोघांच्या. म्हणजे चुलीपाशी एकटी बाईच नव्हती, किंवा निदान धूर एकटी तिच्याच छातीत जात नव्हता. विद्वानांत यावर वाद चालू आहेत आणि ते चालू राहतील. आम्ही विद्वान नाही. नऊ हजार वर्षांपूर्वी माणसे वाड्यावाचून, वेशीबाहेरच्या वस्तीवाचून एका गावात शतकानुशतके राहिली, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले. २०१२ पासून ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही होतो तेवढ्या वेळात आणखी एक जोडपे आले, बस.

आता शेवटचे ठिकाण. हे आम्ही मुद्दाम शेवटाला ठेवले आहे, कारण यासाठीच हा लेख लिहायला वर्ष लागले.

इस्तंबूलला परत आल्यावर एक दिवस हातात होता. एसेनलेरच्या बसस्थानकावर मेट्रो थेट जाते. तिथून एदिर्नेची बस, अडीच-तीन तास. ग्रीस आणि बल्गेरियाच्या सीमेला लागून असलेले गाव, इस्तंबूलच्या आधी उस्मानी सुलतानांची राजधानी. सिनान या वास्तुकाराची सेलिमिये मशीद इथे आहे, १५७५ ची; आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीच्या परांच्या लागलेल्या होत्या. दुपारी गावाची खासियत खाल्ली. कागदासारखी पातळ कापून कुरकुरीत तळलेली कलेजी, बरोबर तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. तिला म्हणतात जिएर, म्हणजे आपल्या 'जिगर'चाच भाऊ. दहा दिवसांत पहिल्यांदा आमच्या जिभेला घर आठवले.

गावाबाहेर तुंजा नदीच्या पलीकडे सुलतान बायेझिद दुसरा याने १४८४ ते १४८८ या काळात बांधलेले आवार आहे. मशीद, पाकशाळा, वैद्यकी शिकविणारी शाळा आणि इस्पितळ. उपचार फुकट. हे इस्पितळ वेड्यांवर उपचार करण्यासाठी नावाजले होते. आता तिथे एदिर्नेच्या विद्यापीठाने आरोग्याचे संग्रहालय केले आहे. २००४ साली त्याला युरोप परिषदेचे पारितोषिक मिळाले.

इस्पितळाच्या मधोमध एक मोठे घुमटाचे दालन. त्याच्या मध्यावर कारंजे. भोवती रुग्णांच्या खोल्या, सगळ्यांची तोंडे कारंज्याकडे. एका बाजूला उंच ओटा, तो वादकांचा. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी नावाचा प्रवासी इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की दहा गाणारे-वाजविणारे पगारी नेमले होते आणि आठवड्यातून तीन दिवस ते रोग्यांसाठी वाजवीत. कुठल्या दुखण्याला कुठला राग, याचा हिशेब होता. पाण्याचा आवाज आणि फुलांचा वास हाही उपचारच. खोल्यांतून आता पुतळे बसविले आहेत. एका खोलीत एक तरुण पोरगा गुडघ्यात मान घालून बसला आहे आणि वैद्य त्याच्याशी बोलतो आहे.

आमच्या घरात धाकटा भाऊ आहे. एकाचा भाऊ, एकीचा दीर. बावीस वर्षांचा असताना तो असाच गुडघ्यात मान घालून बसायला लागला. आमच्यासारख्या, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घराने काय केले? शेजारीपाजारी म्हणाले बाहेरचे आहे, आणि आम्ही त्याला एका ठिकाणी नेले. तिथे त्याला सात आठवडे खांबाला साखळीने बांधून ठेवले होते. नेणारे आम्हीच होतो. महिन्याचे पैसे भरणारेही आम्हीच. मग वस्तीतल्या एका कार्यकर्त्याने आम्हाला खडसावून डॉक्टरकडे पाठविले. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू माणूस परत आला. आज तो घरातला बाजारहाट करतो, नातवंडांना शाळेत सोडतो. घोट्यावर साखळीचा वण आहे. त्याबद्दल त्याने आम्हाला कधी एक शब्द विचारलेला नाही, आणि आम्हीही कधी काही बोललो नाही.

साखळ्या एदिर्नेलाही होत्या. त्या प्रवाशाने त्यांचाही उल्लेख केला आहे, आणि पुढे पुढे तर इस्पितळाची अवकळाच झाली. ते लपविण्यात अर्थ नाही. पण ज्याने ते दालन बांधले त्याने रोग्याला अपराधी न धरता आजारी धरले होते, आणि त्याच्यासाठी पाणी कसे पडावे याचाही विचार केला होता. १४८८ साली. आम्ही त्याला खांबाला बांधले ते १९९१ साली.

ओट्याच्या पायरीवर आम्ही दोघे बराच वेळ बसलो. लेक बाहेर जाऊन उभी राहिली. तिला हे सगळे ठाऊक नव्हते. तिचा जन्म नंतरचा. परतीच्या बसमध्ये सांगितले. तिने ऐकून घेतले, नर्ससारखे. मग म्हणाली, "काकांना सांगितलंत का कधी, की चुकलं म्हणून?"

आम्ही निघण्याआधी त्या कारंज्याचा आवाज मोबाइलवर भरून घेतला होता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पोरे खेळायला गेल्यावर, त्याच्याजवळ बसलो. जे बोलायचे होते ते कसेबसे बोललो. तो खाली बघत होता. मग त्याला ते दालन कसे आहे ते सांगितले, खोल्या सांगितल्या, वादक सांगितले, आणि आवाज लावला. त्याने फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकले. पुन्हा लावा म्हणाला. पुन्हा लावला. मग घोट्यावरून हात फिरवीत म्हणाला, "बरंय. पण एवढं पाणी दिवसभर चालू ठेवायचे? बिल कोण भरायचं?"